पाऊस आभाळाचा, ओल शिवाराची

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मराठी घरांत एक वाद फार रंगत असे. जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्ध पेटले आणि सीएनएनने ते जगभर थेट दाखवले. त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही आला, गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले आणि गच्च्यांवर पांढऱ्या छत्र्या उगवल्या. आकाशातून सांस्कृतिक आक्रमण होत आहे, अशी भाषणे झडली, परिसंवाद झाले. आपल्या मुलांचे आता काय होणार, ही त्यामागची काळजी खरी होती आणि तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. मात्र त्या गदारोळात एक गोष्ट नजरेआड राहिली. ज्या आकाशाची आपण इथे धास्ती घेतली होती, त्याच आकाशाकडे आपलीच माणसे शारजात, लंडनमध्ये, न्यू जर्सीत आस लावून बसली होती. त्यांना घरचे चार शब्द कानांवर पडायला हवे होते.

आज ती आस भागली आहे. परदेशात राहून मायदेशीची वाहिनी मिळवणे हा एकेकाळी द्राविडी प्राणायाम होता. आता ती खिशातल्या फोनवर मिळते. मग प्रश्न संपला का? मला वाटते, तो आता कुठे सुरू झाला आहे. मिळते भरपूर, पण त्यातले घरात राहते किती? आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत जमाखर्च तपासण्यात गेली, म्हणून असेल कदाचित, मला हा प्रश्न ताळेबंदाचा वाटतो. आणि त्याचा विचार करू लागलो की नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे गाव वारंवार डोळ्यांपुढे येते. त्याचा आणि परदेशातल्या टीव्हीचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. तो सांगतोच. आधी छत्रीची गोष्ट.

छत्रीचा भूगोल

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरतात. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ते एका जागी खिळल्यासारखे असतात. उपग्रहाचा झोत जमिनीच्या जेवढ्या भागावर पडेल, तेवढ्याच भागात त्याचे चित्र दिसते. नव्वदच्या दशकात स्टार आणि झी ज्या आशियासॅट-१ वरून आले, त्याची कथा तर कादंबरीत शोभावी अशी आहे. १९८४मध्ये वेस्टार-६ या नावाने तो सोडला गेला, पण योग्य कक्षेत पोचलाच नाही. त्याच वर्षी अमेरिकी अंतराळवीरांनी डिस्कव्हरी यानातून जाऊन त्याला पकडून खाली आणले. पुढे त्याची डागडुजी झाली आणि एप्रिल १९९०मध्ये चिनी अग्निबाणाने तो नव्या नावाने पुन्हा वर गेला. त्याचा झोत पार अरबस्तानापर्यंत पोचत होता, आणि तिथे आपली माणसे होती.

म्हणजे कोणाला घरचे चित्र दिसणार, हे त्या काळी भूगोल ठरवीत असे. आखातातला मराठी माणूस या बाबतीत नशीबवान. भारतावर उभे असलेले उपग्रह त्याच्या आकाशात चांगले वर दिसतात. १९९५मध्ये दूरदर्शनने आंतरराष्ट्रीय वाहिनी काढली आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेलेल्या इन्सॅट-२सी या उपग्रहाला भारताच्या सीमेपलीकडे पोचण्याची सोय होती. लंडनची गोष्ट वेगळी. टाटा स्काय २००६मध्ये ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या ज्या उपग्रहावरून सुरू झाले, तो लंडनहून पाहिला तर क्षितिजाच्या खाली जातो. अमेरिकेत तर बोलायलाच नको. मध्ये अख्खी पृथ्वी आडवी. छत्री कितीही मोठी लावा, उपयोग शून्य. तिथे कोणीतरी ते चित्र मुद्दाम नेऊन दुसऱ्या उपग्रहावर चढवायला हवे. झीने १९९५मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९८मध्ये अमेरिकेत तेच केले. तोवर अमेरिकेतल्या मराठी घरांचा सगळा भार सुटीत इकडून नेलेल्या कॅसेटींवर आणि पु. लं.च्या ध्वनिफितींवर.

माझ्या एका सहकाऱ्याचे धाकटे बंधू शारजात नोकरीला होते. त्यांनी रत्नागिरीत डीटीएचची जोडणी घेतली आणि ती पेटी पापड-कोकमांच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून तिकडे नेली. भारतात दोन फुटी छत्रीवर भागते. तिथे झोताची कड लागते म्हणून मोठी छत्री लावली. दर महिन्याला इकडे थोरले भाऊ पैसे भरत आणि तिकडे चित्र उमटे. या जोडण्यांना परवानगी फक्त भारतापुरती असते, त्यामुळे हा मामला नियमात बसणारा नव्हता हे उघड आहे. तशा पेट्यांवर आखातात कारवायाही झाल्या. पण मला त्यातली एक गोष्ट मनाला लागली. कंपनीच्या वहीत त्या कुटुंबाचा पत्ता रत्नागिरीचाच होता. बारा वर्षे शारजात राहून, तिथे दोन मुले शाळेत घालून, त्या वहीपुरते ते कुटुंब गाव सोडून गेलेच नव्हते.

उशिरा आलेली मराठी

या सगळ्यात मराठीची पाळी उशिरा आली. तमिळमध्ये सन टीव्ही आणि मल्याळममध्ये एशियानेट या खासगी वाहिन्या १९९३मध्ये निघाल्या. मराठीत दूरदर्शनची उपग्रह वाहिनी १९९४ची. खासगी वाहिनी मात्र १९९९च्या १५ ऑगस्टला आलेली अल्फा मराठी. २००० साली ईटीव्ही मराठी आली. सहा वर्षांचे हे अंतर का पडले? मल्याळी माणूस हिंदीवर समाधान मानणार नाही, हे तिथल्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते आणि आखातातला मल्याळी हा त्याच्या लेखी पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक होता. मराठी माणसाला हिंदी समजते, मुंबई ही हिंदी चित्रपटांची राजधानी, मग याच्यासाठी वेगळा खर्च कशाला, हा आपल्याकडचा हिशेब. आपणही तो कधी खोटा पाडला नाही. परदेशातल्या कित्येक मराठी घरांत संध्याकाळी घराचा सूर म्हणून जो लागे, तो हिंदी मालिकेचा असे.

पुढचे वाचकांना ठाऊक आहे. स्वस्त इंटरनेट आले, २०१८मध्ये झी५ आले आणि त्याच वर्षी परदेशांतही उघडले. बातम्या, कीर्तने, जुनी नाटके यूट्यूबवर आली. छत्रीचा भूगोल बाद झाला. आता अडवणूक होते ती हक्कांची: हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही, असा फलक अधूनमधून लागतो. तरीही १९९०च्या मानाने हा सुकाळच.

या सुकाळाचे मोल मी कमी लेखत नाही. मुलाकडे कायमचे राहायला गेलेले आईवडील पाहा. न्यू जर्सीतला जानेवारी, बाहेर बर्फ, मुलगा-सून कामावर, शेजाऱ्याशी बोलायचे तर भाषेची अडचण. अशा दुपारी मराठी वाहिनी ही त्यांच्यासाठी करमणुकीहून मोठी गोष्ट असते. घरात कोणीतरी आपल्या भाषेत बोलते आहे, एवढ्यावर त्यांचा दिवस जातो. ज्यांनी असा एकटेपणा पाहिलेला नाही, त्यांनी सासू-सुनांच्या मालिकांना सरसकट नाके मुरडू नयेत.

पैसा इकडे, चित्र तिकडे

आता ताळेबंदाची दुसरी बाजू. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४मध्ये परदेशातून भारतात आलेल्या वैयक्तिक रकमांपैकी सर्वाधिक, म्हणजे २०.५ टक्के, महाराष्ट्रात आल्या. केरळचा वाटा १९.७ टक्के. पाठवणाऱ्या देशांत अमेरिका २७.७ टक्क्यांनी पहिली आणि संयुक्त अरब अमिराती १९.२ टक्क्यांनी दुसरी. मुंबईच्या बँकांत उतरणारा सगळा पैसा मराठी घरांचा नसतो, हे खरे. तरी चित्र स्पष्ट आहे. शाखेत असताना अनिवासी खाती मी स्वतः उघडली आहेत. महिन्याच्या ठरावीक दिवशी तिकडून रक्कम येई. इकडे वडिलांचे औषधपाणी, बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब त्यातून होई. पैसा इकडे येतो आणि त्याच्या बदल्यात म्हणावे तसे आपले चित्र तिकडे जाते.

पण पैसे आले की निदान पोच जाते. 'मिळाले रे बाबा, छपराचे काम काढतो,' असे दोन शब्द जातात. चित्राची पोच कोणी देत नाही. टीव्ही बोलतो, आपण ऐकतो. त्याला आपल्या उत्तराची गरज नसते. ज्याच्याजवळ मराठीचा साठा आहे त्याला यात अडचण नाही, कारण बालपणी तो साठा भरलेला असतो आणि मालिका पाहताना तो नुसता ढवळला जातो. अडचण आहे ती तिकडेच जन्मलेल्या मुलाची. माझ्या मुलीचा मुलगा सात वर्षांचा आहे. मालिकेतली कोण कोणाविरुद्ध कारस्थान करते आहे, हे त्याला बरोबर कळते. 'बाबा, त्याला सगळं समजतं हो,' असे मुलगी कौतुकाने सांगते. पण 'आजोबा, जेवलात का?' एवढे वाक्य फोनवर त्याच्या तोंडून सरळ निघत नसे. ज्या भाषेत त्याला कधी उत्तर द्यावेच लागले नाही, ती त्याच्या जिभेवर यावी कशी?

बहात्तर साल

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. मुंबईत ज्या वर्षी हे नवल चालले होते, त्याच वर्षी महाराष्ट्र मोठ्या दुष्काळात होरपळत होता. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची त्या काळात दशा झाली. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या. माणसे मजुरीसाठी मुंबई-पुण्याकडे निघून गेली. मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे वाढली. सरकारी नोकराला तिथली बदली शिक्षेसारखी वाटे. ऐंशीच्या दशकात नगर जिल्ह्यात मी शेतीकर्जाचे काम पाहत होतो. विहिरीसाठी कर्ज दिलेले, विहीर खणलेली, आणि आत पाणी नाही, अशी खाती त्या भागात सर्रास असत.

१९८९मध्ये गावाने एम. कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोपटराव पवार या तरुणाला सरपंच केले. पुढची कहाणी सर्वश्रुत आहे. डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली, श्रमदान केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसासारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असे नियम ग्रामसभेने केले आणि पाळले. १९९५च्या पाहणीत १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांनी ती संख्या तीनवर आली. पवारांना २०२०ची पद्मश्री मिळाली. गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे परत आली.

निवृत्तीनंतर मी ते गाव मुद्दाम पाहून आलो. माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही की तिथला पाऊस वाढलेला नाही. तो वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. बदलले ते एवढेच, की पूर्वी तो वाहून जाई आणि आता मुरतो.

इथे माझा टीव्हीचा प्रश्न मला नव्याने दिसला. आपल्या भाषेचा पाऊस आता जगभर पडतो आहे. उपग्रहातून पडला, तारेतून पडला, आता फोनमधून पडतो. कमी पडतो अशी तक्रार करायला जागा नाही. पण चर नाहीत, बांध नाहीत. एका पिढीच्या अंगणातून तो दुसऱ्या पिढीला न भिजवता वाहून जातो. नुसत्या मालिकांचे तर बोअरसारखे आहे. आईबापांच्या साठ्यातले उपसून त्या चालतात. पुनर्भरण करीत नाहीत.

आणखी एक गोष्ट. गावाची आठवण गेलेल्यांना येतच असणार. पण नुसत्या आठवणीने कोणी बिऱ्हाड हलवीत नाही. परतणाऱ्यांना पाणी होते, जमीन होती, ग्रामसभेत हात वर करण्याचा हक्क होता. परदेशातल्यांनी चंबूगबाळे आवरून परत यावे, असे मी सुचवीत नाही. पण आपण त्यांना आठवणींखेरीज काही देतो का, हे विचारायला हवे. मालिकांमधला महाराष्ट्र बहुधा दिवाणखान्यात राहतो, बातम्यांतला महाराष्ट्र भांडतो. पाण्याचा हिशेब मांडणारे गाव या दोहोंत क्वचितच दिसते. तिकडच्या मुलाला मायदेशाबद्दल अभिमान किंवा कुतूहल वाटावे, असे त्या चित्रात कितीसे असते?

पाण्याचा हिशेब, भाषेचा हिशेब

हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय, हे मोजायचे. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे बाजूला काढायचे, पुढच्या वर्षासाठी जमिनीत किती ठेवायचे ते धरायचे, आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवायचे. पाऊस कमी, तर पिकेही तशी. बँकवाल्याला हे फार भावते, कारण यात भाबडेपणा नाही.

परदेशातल्या मराठी घरांनी असाच हिशेब मांडून पाहावा. आठवड्यात मराठी कानांवर किती तास पडते, आणि घरातले मूल मराठीत स्वतःहून किती मिनिटे बोलते? पहिला आकडा मोठा आणि दुसरा शून्याजवळ असेल, तर वाहिन्यांची वर्गणी वाढवून काही होणार नाही. बोलणे व्हायला हवे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत गावोगाव मराठी शाळा चालतात, तिथले आईबाप शनिवार-रविवारची सुटी खर्चून शिकवतात. माझ्या लेखी तेच खरे बांधबंदिस्तीचे काम आहे. माझा नातू गेल्या वर्षीपासून अशा शाळेत जातो. एकदा बाईंनी मुलांना सांगितले, आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणच्या पाण्याबद्दल विचारून या. त्याने फोन केला आणि विचारले, 'आजोबा, रहाट म्हणजे काय?' मी सांगू लागलो. त्याने मध्येच 'दोर तुटला तर?' असे विचारले, मग 'बादली कोण काढणार?' चाळीस मिनिटे आम्ही बोललो. त्यात त्याची बारा-पंधरा वाक्ये मोडकीतोडकी मराठी होती. वर्षभराच्या मालिकांनी जे झाले नव्हते ते एका गृहपाठाने झाले, कारण गृहपाठाला उत्तर लागते.

सरकारचाही हिशेब मांडायला हवा. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. राज्य सरकारने २०२३मध्ये मुंबईत, २०२४मध्ये नवी मुंबईत आणि २०२५मध्ये पुण्यात विश्व मराठी संमेलने भरवली. परदेशातली मंडळी आली, सत्कार झाले. आनंदच आहे. पण केरळ सरकारने २००९मध्ये 'मलयाळम मिशन' काढले. बाहेर वाढणाऱ्या मुलांना मल्याळम शिकवणे एवढेच त्याचे काम. टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम, परीक्षा, शिक्षकांची तयारी, आणि ते वर्षभर चालते. तीन दिवसांच्या संमेलनाने ते काम होत नाही.

आपल्याजवळ साहित्य नाही असेही नाही. बालभारतीची पुस्तके संगणकावर फुकट मिळतात. मुंबई दूरदर्शनच्या पन्नास वर्षांत 'किलबिल', 'गजरा', 'आमची माती आमची माणसं' असे कितीतरी कार्यक्रम झाले. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' हे स्वतःचे इंटरनेटवरचे दालन उघडले. या जुन्या ठेव्यातले जे शाबूत असेल ते निवडून, प्रत्येक भागासोबत मुलांनी आजीला विचारायचे पाच प्रश्न जोडून, मराठी शाळांना दिले तर खर्च फारसा नाही. त्यासाठी उपग्रह सोडायचा नाही की नवी वाहिनी काढायची नाही. एक छोटे कार्यालय, दहा-बारा जाणती माणसे आणि दरवर्षी मे महिन्यात मांडायचा एक हिशेब: किती मुले शिकली, किती टिकली, किती बोलू लागली.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर आपल्यापैकी ज्यांची नातवंडे बाहेर आहेत, त्यांच्या हातात आठवड्याचा एक फोन आहेच. त्या फोनवर आपणच बोलत राहतो, हवामान आणि तब्येत सांगून ठेवून देतो. पुढच्या वेळी आपण पाचच मिनिटे बोलावे, एक प्रश्न विचारावा आणि मुलाला शब्द सापडेपर्यंत गप्प बसून राहावे. मध्येच इंग्रजी शब्द सुचवण्याचा मोह होईल, तेवढा आवरावा.